स्वभावाचा रकाना

“‘मनमिळाऊ’ खोडा. सगळेच मनमिळाऊ, मग पुण्यात भांडतं कोण?”

नारायण पेठेतल्या आमच्या वधूवर सूचक केंद्रात मुलामुलींचे अर्ज भरायला आलेल्या आईवडिलांना काकांचं हे वाक्य हमखास ऐकावं लागायचं. काका केंद्रातले सगळ्यांत जुने. अर्ज तपासायचं काम त्यांचं, ते संगणकावर चढवायचं माझं. कौतुक करताना जीभ जड होणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका त्यांतले.

एका आईनं मुलीच्या स्वभावाच्या रकान्यात ‘लोभस’ लिहिलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“म्हणजे लाघवी म्हणायचंय का आपल्याला?”

“दोन्ही एकच ना?”

“नाही हो. लाघवी माणसाला आपलं मन जिंकता येतं, आणि ते त्याला माहीत असतं. लोभस माणसाला ठाऊकच नसतं, की कुणी आपल्याकडे बघतंय.” आणि त्यांनी शब्द खोडला. बाई रागावून गेल्या. काकांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

एका शनिवारी कोथरूडच्या एक बाई धाकट्या भावाला घेऊन आल्या. भाऊ चाळिशीला टेकलेला, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला, बोलताना अडखळणारा. गर्दी होती, थांबावं लागलं. बाकावर त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाची दोन वर्षांची मुलगी होती. ती पेंगत पेंगत त्याच्या दंडाला टेकली आणि झोपून गेली. मुलीची आई आत बोलत बसलेली. अर्धा तास हा माणूस हलला नाही. त्याचं नाव पुकारलं तरी उठेना.

“द... दोन मिनिटं,” तो कुजबुजला.

बहीण ओशाळली. “हा असाच आहे हो. कुठे कसं वागावं, कळत नाही.”

तेव्हा काका उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणासाठी खुर्ची सोडताना पाहिलं नव्हतं. अर्ज घेऊन ते बाकापाशी गेले आणि हळू आवाजात विचारत उभ्या उभ्या सगळा भरला. स्वभावाच्या रकान्यात लिहिलं, ‘लोभस’.

“हे काय?” बहीण म्हणाली. “लहान मुलांना म्हणतात लोभस. लोक हसतील.”

“लहान मुलांत ते असतंच. चाळिशीपर्यंत टिकलं, तर लिहायला नको?”

लोक हसलेच. एकदोघांनी तर फोन करून विचारलं, हा वर आहे की बाळ? संचालकबाईंनी शब्द काढायला सांगितलं. काका नाही म्हणाले. पण महिन्यामागून महिने गेले, एकही विचारणा येईना, तेव्हा काका अस्वस्थ झाले. तो अर्ज मधेच काढून बघायचे, पुन्हा ठेवून द्यायचे. “माझ्या शब्दापायी बिचाऱ्याचं लग्न राहायचं,” असं एकदा मला म्हणाले.

मग एक दिवस एक परिचारिका आली. एकटीच. “हे ‘लोभस’ कुणी लिहिलंय?” तिनं विचारलं.

काकांनी त्या दुपारची हकिगत सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “हात अवघडला असेल ना त्यांचा?”

“ते आम्ही विचारलं नाही,” काका म्हणाले.

“मी विचारते,” ती म्हणाली.

लग्नाला काका आणि मी दोघंही गेलो होतो.

गेल्या वर्षी काका वारले. मी काकूंना भेटायला गेले, तर त्या दारातच म्हणाल्या, “लोकांचे स्वभाव तपासण्यात जन्म गेला त्यांचा. माझ्याबद्दल कधी काही बोलले का हो तिथे?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. “नाही,” मी म्हटलं. “पण रोज चार वाजता काम थांबवून तुम्हाला फोन करायचे. डोळ्यांत थेंब घातलेत का, म्हणून.”

“समोर माणसं असताना?”

“समोर कुणीही असो.”

काकू खाली बसल्या. “मी रोज चिडायचे त्या फोनवर. कुक्कुलं बाळ आहे का मी, म्हणायचे.” मग त्यांनी विचारलं, “फोन ठेवल्यावर ते काय करायचे?”

“काही नाही,” मी म्हटलं. “थोडा वेळ तसेच हसत बसायचे.”