मॅडमच्या दवाखान्यातल्या बाटल्या

दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. फळीवर बाटल्या मांडत जा, प्रत्येकीबरोबर एक फुकट मिळतो. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ आमच्या डॉक्टर मॅडमकडं मी वीसेक वर्षं लघवी तपासली. आता सगळीकडं सीलबंद डब्या आल्या नि किस्से आटले.

मॅडमला धास्ती एकच. लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा उलटलं, की लेकरांच्या किडनीवर डाग राहतात. "इथं हसण्यावारी काही न्यायचं नाही," असं त्या बजावायच्या. मी मायक्रोस्कोपमधी तोंड घालून हसायचो.

एक चाचा अत्तराच्या शिशीत सँपल घेऊन आले. झाकण काढलं तर सगळ्या खोलीत खस दरवळला. मी हात जोडून म्हणालो, चाचा, स्वच्छ धुतलेली बाटली पाहिजे, नि लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धरायची. ते खजील होऊन म्हणाले, "डॉक्टरनी के पास बदबू लेके कैसे आना, बेटा?"

पुंडलिकनगरच्या एका मावशींना महिन्याआड जळजळ व्हायची. मॅडमनी दर वेळी सांगायचं, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. एकदा मावशी वैतागल्या. "मॅडम, गोळीच लिवा. गोळी रोज मिळती, नळ चौथ्या दिवशी येतो."

सात दिवसांचा कोर्स दिलेली एक बाई चौथ्या दिवशी पुन्हा कण्हत हजर. गोळ्या संपल्या म्हणाली. संपतील कशा? तर जावेलाबी तोच त्रास होता, म्हणून दोघींनी निम्म्या निम्म्या खाल्ल्या. मॅडम भडकल्या, तर ही शांतपणे म्हणाली, "एका चुलीवर जेवतो मॅडम. वेगळं कसं खायचं?"

एक पोरगं शाळेत दिवसभर लघवी दाबून धरायचं नि दर दोन महिन्यांनी तापायचं. मॅडम म्हणाल्या, तीन तासांनी जायलाच पाहिजे. आजोबा रेल्वेतून रिटायर झालेले. ते रोज ठरल्या वेळी शाळेच्या भिंतीबाहेर उभे राहून शिट्टी फुंकायला लागले. नातू बरा झाला. पण मास्तर तक्रार घेऊन दवाखान्यात आले, की शिट्टी झाली की आख्खा वर्ग सुटतो, नि परवा मीबी उठलो!

आता शेवटचा. ती पोरगी आज बजाजनगरात नांदते, ठणठणीत आहे, म्हणून सांगायची हिंमत करतो.

चार वर्षांची होती. तिसऱ्यांदा इन्फेक्शन उलटलं असावं असा मॅडमचा संशय. ताप हटत नव्हता, लघवीला जाताना रडायची. कोणता जंतू आहे हे कळल्याशिवाय नेमकं औषध देता येईना. आई बिचारी दोनदा सँपल घेऊन आली. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ. मॅडमना झोप लागेना. शेवटी म्हणाल्या, पोरीलाच इथं आणा, माझ्यासमोर सँपल घेऊ.

दुसऱ्या दिवशी आई आली. बरोबर सात-आठ वर्षांची पोरगी, उड्या मारत.

मॅडम चक्रावल्या. "ही कोण?"

"ही मधली."

"आणि आजारी ती?"

"धाकटी. ती घरी हाय ना, तापानं फणफणतेय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. बाईनं माझ्याकडं बोट केलं. "ह्या भाऊंनीच सांगितलं ना, पहिली सोडा, शेवटची सोडा, मधलीचीच आणा. मी म्हणलंबी यांना, भाऊ, आजारी तर धाकटी हाय. तर म्हणले, धाकटी असो का थोरली, आम्हाला मधलीचीच लागते."