टेस्ट लिहून राह्यली

आमच्या टीमची सकाळची मीटिंग उभ्यानं घ्यायची असते म्हणे. आम्ही दोघी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझ्या पुढच्या खोलीत मस्त बसून घ्यायचो, चहाचे कप कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे ठेवून. बाकी सगळे पुण्यात. काल काय केलं, आज काय चाललंय, कुठं अडलं, एवढं प्रत्येकानं सांगायचं आणि कामाला लागायचं.

दुसरी म्हणजे जवळच्या परसवाड्याची पोरगी. तिला कंपनीत मीच चिकटवली. अजून पक्की झाली नव्हती. पक्की झाली की धाकट्या बहिणीला शिकायला बालाघाटला आणायचं, असं तिनं घरी सांगून टाकलेलं. तिचं काम बघून मला फार बरं वाटायचं. कामाचा लहानसा तुकडा घ्यायची. आधी त्याची टेस्ट लिहायची, म्हणजे कोड बरोबर चालतो की नाही ते तपासणारा छोटा प्रोग्राम. मग कोड लिहायचा, आणि संध्याकाळच्या आत तो सगळ्यांच्या कोडात मिसळून मोकळी. दुसऱ्या सकाळी नवा तुकडा, पुन्हा आधी टेस्ट. नाहीतर आमच्यातले काही महाभाग! आठवडाभर कोड उराशी धरून बसतात आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांच्या डोक्यावर आणून ओततात.

भावंडांशी ती हिंदीतच बोलायची, पण टीम मराठी म्हणून मीटिंगमध्ये हट्टानं मराठी. घरची, आईकडून आलेली. आज काय चाललंय विचारलं की रोज सांगायची, "टेस्ट लिहून राह्यली."

एका दुपारी टीम लीडचा मला फोन आला. माणूस रत्नागिरीचा, नोकरी पुण्यात, नागपूरच्या पुढंही गावं आहेत हे नकाशावरून ठाऊक असलेला. मुलगी गुणी आहे म्हणाला, पण तिला पक्कं करता येईलसं वाटत नाही. रोज टेस्ट लिहायची राहते तिची. मी विचारलं, कोण म्हणतं? तर म्हणे, तीच सांगते की रोज सकाळी, टेस्ट राहिली म्हणून.

मी कपाळावर हात मारला. अहो, आमच्याकडे लिहून राह्यली म्हणजे लिहितेय, आत्ता, या घडीला! मलाही इतके दिवस काही कळलं नव्हतं, कारण माझ्या कानाला त्यात वावगं काहीच नव्हतं. हिंदीत बोलली असती तर पोरगी वाचली असती. आधी मला हसू फुटलं आणि मग असा संताप आला की विचारू नका. कोडाशेजारी तिच्या टेस्ट पडल्या आहेत, रोज पास होताहेत, उघडून बघायला काय हात मोडले होते? त्यावर तो चाचरत म्हणाला की काम तर पुढं सरकत होतं, पण त्याला वाटलं, तिच्या राहिलेल्या टेस्ट मागून मीच लिहून निस्तरतेय. म्हणजे बघा! मी त्याला फोनवरच सगळं उघडायला लावलं. एकेक टेस्ट तिच्याच नावावर नोंदलेली निघाली.

माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या सकाळी सगळ्यांसमोर त्यानं झालेला घोटाळा सांगितला, माफी मागितली आणि तिला पक्कं केल्याचंही तिथंच सांगून टाकलं. पुण्यात टाळ्या वाजल्या. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ही थँक्यू म्हणेल आणि विषय संपेल.

तिनं माइक सुरू केला. आवाज अजिबात चढला नव्हता.

"सर, आपण रोज सकाळी याच्यासाठीच तर भेटून राह्यलो ना, की कोण कुठं अडलं ते कळावं? मंग माही टेस्ट रोज राहते असं वाटलं, तर काहून राहते, हे एकदाही मले विचारलं काहून नाही?"

लीड म्हणाला, "विचारायला हवं होतं."

"हौ," ती म्हणाली.