तिची तहान

कामरगावहून, बायकोच्या बहिणीच्या शेतावरून आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलं. काळी मादी, कपाळावर पांढरा ठिपका. मी शाळेतून निवृत्त झालो होतो, मुलगी सासरी गेली होती. शेलूबाजारच्या घरात आम्ही दोघंच.

सहा महिने झाले तरी ती अंगानं भरेना. पाणी मात्र सारखं प्यायची आणि घरभर लघवी करायची. फरशी मीच पुसायचो. एकदा तिनं माझं अंथरूण भिजवलं, तेव्हा मी तिला चपलेनं मारलं. मग बायकोच्या नकळत एक उपाय सुरू केला. दिवेलागणीला तिचं पाण्याचं भांडं मोरीत ठेवायचं, दाराला कडी लावायची आणि पहाटे ते परत भरून ठेवायचं. ती दाराशी जाऊन बसायची. भुंकायची नाही. मोरीच्या ओल्या उंबऱ्याला जीभ लावत राहायची. तो आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. अजूनही येतो.

आठवड्याभरात तिनं खाणं सोडलं. उलट्या सुरू झाल्या. आम्ही तिला जीपनं अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली.

"हिच्या दोन्ही किडन्या आईच्या पोटातच नीट घडल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "लघवी धरणं हिच्या हातात नव्हतंच. जेवढी जाते तेवढं पाणी हिला लागतंच. मध्ये पाणी तोडलं होतं का?"

माझ्याआधी बायकोच बोलली, "नाई हो बाई, भांडं भरलेलंच राह्यते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही नकारार्थी मान हलवली.

सलाईनवर ती आणखी चार दिवस जगली. भर दुपारी, बायकोच्या मांडीवर गेली.

"मी तिले शिळी पोळी चारत होती," बायको म्हणाली. "त्यानंच झालं असंन का?"

"जन्माचंच होतं ते. बाई बोलल्या ना."

"मंग इतके महिने चालून राह्यली होती, आताच एकदम काहून खचली?"

मला उत्तर ठाऊक होतं. मी उठून अंगणात गेलो.

परवा बायकोच्या बहिणीचा फोन आला. शेतावरची कुत्री पुन्हा व्याली होती. एखादं नेता का, असं ती विचारत होती.

"नको वं बाई," बायको म्हणाली. "माह्या हाताले कुत्रं लाभत नाई."

मी शेजारीच बसलो होतो. तिनं फोन ठेवला आणि मला चहा विचारला. मी हो म्हणालो.