साडूभाऊंचा एफ

माझ्या साडूंच्या गिटारची तार माझ्या हातून तुटली, हे मी नाकारत नाही. त्यामुळे जगाचं काही नुकसान झालं, हे मात्र मला मान्य नाही. वरची खुंटी जरा पिळून बघावी म्हणून मी पिळली, टण्णकन आवाज झाला आणि तार साडूभाऊंच्या गालावर लाल रेघ ओढून गेली. त्या गिटारीतून तोवर निघालेला तो एकमेव स्वच्छ सूर.

साडूभाऊ लिफ्टदुरुस्तीवाले. उभा जन्म दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना सोडवण्यात गेला. बोटं पान्यासारखी जाड, कान मोटारीच्या घरघरीत मुरलेले. असा माणूस उतारवयात गिटार आणतो, का, तर माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, इस्पितळातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त होणार होती. "निरोपाला भाषणं नकोत गं बाई. माझं ते गाणं कुणीतरी वाजवा," असं ती म्हणाली. ते गाणं म्हणजे तिच्या तरुणपणातलं एक संथ, रडवं इंग्रजी रॉक. साडूभाऊ बोलून गेले, "मी वाजवतो." तिनं ते खरं मानलं आणि अख्ख्या वॉर्डाला सांगून ठेवलं. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

सराव आमच्याच घरी चालायचा. मोबाइलवरचा केसाळ गुरू रोज "अगदी सोपं आहे" म्हणायचा आणि साडूभाऊ रोज ते खोटं ठरवायचे. लोकांना सोडवणाऱ्या या माणसानं गाणं मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉर्डच्या, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या जुडग्यांच्या, मध्ये जे अडकवलं, ते हलेचना. बोटं सरकताना तारा किंचाळतात, म्हणून या महाशयांनी त्यांना लिफ्टच्या दोराचं तेल लावलं! मग काय, बोट ठेवायचं एकीकडे आणि जायचं भलतीकडे. सगळ्या तारा नव्या घालाव्या लागल्या.

खरी गोम एफ नावाच्या कॉर्डमध्ये होती. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या. साडूभाऊंनी दाबल्या की थप्प, कुणीतरी दार आपटल्यासारखं. आणि नेमकी तिथेच मेहुणीची लाडकी ओळ. गाणं कुठंही लागलं आणि ती ओळ आली की मेहुणी हातातलं काम ठेवून उभी राहायची. साडूभाऊंनी तोडगा काढला. एफ आला की खोकायचं. सबंध गाण्यात खोकला तेवढा तालात बसला.

"साडूभाऊ, हे गाणं आहे की दमा?" मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा," माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "तुम्हाला स्वतःला काय वाजवता येतं? शिट्टी तर आपला कुकरही तुमच्यापेक्षा बरी वाजवतो!"

निरोपाचा कार्यक्रम इस्पितळाच्या कँटीनमध्ये झाला. मेहुणी पहिल्या खुर्चीवर, मागे नर्सा, जांभया देणारे दोन डॉक्टर आणि मी. साडूभाऊ स्टुलावर बसले, वाजवू लागले. लाडकी ओळ जवळ आली. मी खोकल्याची वाट बघत होतो. साडूभाऊंनी श्वासही घेतला. तेवढ्यात मेहुणीनं चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. साडूभाऊ खोकले नाहीत. त्यांनी आडवं बोट दाबलं. थप्प. एक डॉक्टर हसला. पुन्हा दाबलं. थप्प. मला तर टेबलाखाली जावंसं वाटलं. साडूभाऊंनी शर्टाला बोट पुसलं, मनगट वळवलं, दात आवळून पुन्हा दाबलं, आणि एफ वाजला. जरा खरखरला, पण वाजला. गाणं पुढं सरकलं. मेहुणी डोळे मिटूनच ती ओळ पुटपुटत होती.

परत येताना गिटार मीच उचलली होती. न राहवून म्हणालो, "भर सभेत शोभा करून घेतलीत. खोकला असतात तर आम्हाला कुणाला पत्ताही लागला नसता."

साडूभाऊ म्हणाले, "तुम्हाला ऐकवत कोण होतं?"