खांद्याचा कौल

माझ्या पतनाचा प्रयोग आमच्या गावच्या, पार्सेच्या उतारावर झाला. गोवा राज्य झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. मी म्हापशाच्या एका कचेरीत कारकून, रोज सायकलने जाऊन-येऊन. कोलवाळच्या पुलावर मिनीबसला मागे टाकलं नाही तर मला जेवण गोड लागत नसे. त्या दिवशी रस्त्यावर काजूची बोंडं चिरडून पडली होती. पुढचं चाक त्यांवरून सरकलं आणि मी हवेतून जाऊन उजव्या खांद्यावर उतरलो. प्रेक्षकांत एक म्हैस होती. तिने रवंथ थांबवला नाही.

हात केसांपर्यंत जाईना. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासलं. "स्नायू हाडावरून सुटलाय. शिवून बसवायला हवा, आणि लवकर. उशीर झाला की तो आखडतो, मग ओढून पोचत नाही."

"आणि सायकल?"

"वेळेत शिवला तर चालवाल."

घरी बाबा म्हणाले, "देवाक विचारल्याबगर कातर लावूक देवचंय नाय."

आमच्याकडे लग्न, विहीर, ऑपरेशन, सगळं आधी देवळात जातं. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. हाच प्रसाद, म्हणजे देवाचा कौल. बाबांनी विचारायला लावलं, म्हापशाच्या इस्पितळात ऑपरेशन करावं का? उजवी पडली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू स्नायू तिथल्या तिथे जोडला गेला.

पण डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती पणजीची. असलं ऑपरेशन तिथेच व्हायचं.

"प्रसाद म्हापशाचो जाल्लो," बाबा म्हणाले. "पणजेचो न्हय."

"बाबा, देवाला पणजी ठाऊक नसेल का?"

"ठाऊक आसा. म्हणून तर तो म्हापशाक होय म्हणालो."

पुन्हा विचारायचं, तर भटजींना सुतक लागलेलं. बारा दिवस गेले. मग पणजीचा प्रश्न घातला आणि डावी पडली. तोच प्रश्न लगेच परत घालता येत नाही. शब्द बदलायला हवेत, मध्ये दिवस जायला हवेत. शेवटी बाबांनी वकिलाला लाजवील असा प्रश्न बांधला, पणजीला, पण म्हापशाच्याच दोतोराच्या चिठ्ठीने? उजवी पडली. एव्हाना दीड महिना झाला होता.

मधल्या दिवसांत बायकोने एकदा सांगितलं होतं, "तुमी एकटे पणजेच्या बशीत बसा आनी वचा. मामंजींक मी सांभाळतंय." मी गेलो नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही ते असं की मला सुरीची भीती वाटत होती. डावी पाकळी पडली तेव्हा मी चेहरा पाडला, आणि घरी येऊन कढीवर दोनदा भात घेतला, डाव्या हाताने.

पणजीच्या डॉक्टरांना स्नायू आखडलेला सापडला. पोचला तेवढा त्यांनी शिवला. दीड महिना हात पोटाशी बांधलेला. मग पडवीच्या वाशावरून दोरी टाकून डाव्याने उजवा वर ओढायचा, रोज तीनदा. सायकल तिथेच भिंतीला टेकलेली असे. बाबा रविवारी तिची साखळी पुसून तेल घालत.

शेवटच्या तपासणीला तेही आले. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला.

"सायकल?" हे बाबांनी विचारलं.

"आता नको. एका खड्ड्याच्या धक्क्याने टाका सुटेल. परत शिवायला काही उरलेलं नाही."

"आनी म्हयनोभर आदी आयले आसते तर?"

डॉक्टर हात धूत होते. "तर चालवली असती," ते सहज म्हणाले.

परतीच्या बसमध्ये बाबा बराच वेळ समोरच्या सीटची दांडी धरून बसले होते. धारगळला म्हणाले, "माझो हट्ट रे."

'नाही बाबा, मी भ्यालो होतो', एवढंच वाक्य म्हणायचं होतं. गावच्या नाटकांत पानंच्या पानं घडाघडा म्हणणारा मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पार्सेला उतरताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. त्यांचं वय झालं होतं, पिशवी जड होती. तरी ते माझ्यापुढे चालू लागले.