कोणी न टाकलेला डोस

बंद पडलेलं मशीन दुरुस्त झालं की माणूस विसरतो. पण चालू मशीन खोटं बोललं की त्याचा किस्सा होतो, आणि आमच्या करी रोडच्या ऑफिसात असे किस्से साचतच जातात. आम्ही कर्नल लिहितो, म्हणजे सिस्टिमचा सगळ्यात आतला कोड. तोही पेशंटच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणाऱ्या पंपाचा. नर्स डोस बदलत असते, त्याच क्षणी आमचा कोड तो वाचत असतो. सगळी भुतं त्या फटीत राहतात!

*

पहिलं भूत टेस्टिंगच्या रोहिणीला दिसलं. तिने डोस २५५ चा २५६ केला. पंपाने वाचला ५११! जुनी चिप आकडा दोन तुकड्यांत लिहायची. एक तुकडा नवा, एक जुना, नेमकं तेव्हाच आमच्या कोडने डोकावलं.

"पण ५११ कोणी टाकलेच नाहीत ना रे!" रोहिणी म्हणाली.

"तेच तर," आमचा लीड सावंत म्हणाला. "कोणी न टाकलेला डोस कोणाच्या तरी अंगात गेला असता."

त्या दुपारी कोणाला डबा गेला नाही.

*

मग आकडा एका तुकड्यात लिहायला लागलो. तर पंप मर्यादा तपासून 'ठीक' म्हणायचा आणि सोडायचा मर्यादेबाहेरचाच डोस! आम्ही तो एकदाच वाचला होता. पण आमचा कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने अतिशहाणपणा करून दोनदा वाचला, आणि मधल्या वेळात डोस बदललेला.

"च्यायला, दारात चौकशी एकाची, घरात शिरला भलताच!" सावंत म्हणाला.

*

उलटंही झालं. 'थांब' बटण दाबलं, स्क्रीनवर 'थांबले' आलं, आणि नळीतून चाचणीचं पाणी ठिबकतच राहिलं. कंपायलरने बटणाकडे एकदा बघितलेलं. परत बघायची त्याला गरजच वाटली नव्हती. रोहिणी दाबतेय, पाणी ठिबकतंय. मला खरंच भीती वाटली. शेवटी प्रत्येक ठिकाणी कंपायलरला दम भरला: दर वेळी नव्याने वाच, अख्खं वाच, एकदाच वाच.

*

आणि हा किस्सा सावंतच्या आईचा.

ठाकूरद्वारजवळच्या एका नर्सिंग होममध्ये तिच्या उशाशी आमचाच पंप लागला. सावंत चहाला खाली गेला. वर येतो तर पंप थांबलेला! त्याच्या हाकेने नर्स धावत आली, तिने बाटली बघितली आणि झटकन नळी काढली. बाटली शेजारच्या खोलीतल्या पेशंटची होती. अजून थोडं औषध गेलं असतं तर म्हातारी हाताला लागली नसती.

पंप ऑफिसात आणून आम्ही पिंजून काढला. वाचण्यात काहीच चूक नव्हती. अख्खा आकडा, एकदाच वाचलेला: शून्य. म्हणजे कोणीतरी तो खरंच टाकला होता. नर्स म्हणाली, मी नाही. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

सावंतने आईला विचारलं, "आये, पंपाक हात कोणी लायलो?"

म्हातारी म्हणाली, "तोंड नाय बघलंय रे झिला. पण माका थोपटल्यान, तो हात थंडगार होतो."