माझं मशीन वाजतं तो अल्बम

हात वर करून माप देणारा माणूस गप्प राहत नाही. मुदखेडला स्टेशनच्या रस्त्यावर माझं टेलरिंगचं दुकान आहे. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून कात्री हातात आहे. एवढ्या वर्षांत किती बोलणं कानावरून गेलं असेल! पण दीड वर्षापासूनचे बहुतेक किस्से एकाच अल्बमचे आहेत.

लातूरच्या पोरांनी काढलेला अल्बम. गिटार, संबळ, तुणतुणं आणि मधेच काय वाट्टेल ते. संबळ वाजवणारा भगवान आमच्याच गावचा, किसन गोंधळ्याचा मुलगा. मला गाण्याबिण्याचा नाद नाही. दुकानात रेडिओसुद्धा कधी ठेवला नाही. हा अल्बम मात्र मोबाइलवर रोज लावतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

*

अल्बम निघायच्या आधी एके दिवशी भगवान दुकानात आला आणि म्हणाला, काका, आमच्या गाण्यात तुमच्या मशीनचा आवाज पाहिजे. त्यानं टेबलावर छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलं आणि मला शिलाई मारायला लावली. तेव्हा मशीनवर पायजमा होता. अल्बममधल्या तिसऱ्या गाण्याचा ताल म्हणजे तो पायजमा. गिऱ्हाइकांना मी हे सांगतो. विश्वास बसला नाही तर पायडल मारून दाखवतो.

*

शेजारी महादप्पांचं किराणा दुकान. मूळचे उदगीरचे, बोलायला तिखट. त्यांनी तिसरं गाणं दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, मशीन कुरकुर करायलंय तुमचं. लातूरपर्यंत अब्रू गेली की."

मला ते लागलं. गिऱ्हाईक परत पाठवून मशीन खोललं, पुसलं, तेल दिलं. लोण्यासारखं चालायला लागलं. मग अल्बम लावला. कुरकुर होतीच.

महादप्पा म्हणाले, "तेल कमी पडलं."

*

पाचव्या गाण्यात शेळ्या आहेत. खऱ्या शेळ्या, गळ्यात घंट्या. नायगावच्या एक मावशी ब्लाउज न्यायला आल्या होत्या. आवाज आला तशा उठल्या, माझी लाकडी पट्टी उचलली आणि दारात जाऊन शेळ्या हाकायला लागल्या. रस्ता मोकळा. मी सांगितलं, मावशी, शेळ्या गाण्यातल्या आहेत.

त्या परत येऊन बसल्या. थोडा वेळ ऐकलं. म्हणाल्या, "त्यातली एक लंगडी हाय. बघायला सांगा कुणाला तरी."

*

शेवटचं गाणं गोंधळाचं. त्यात माहूरच्या रेणुकेपासून एकेका देवाला बोलावतात. आमच्याकडे गोंधळ सुरू झाला की आरती होईपर्यंत उठायचं नाही. बोलावलेल्या देवाला अर्ध्यात कसं सोडणार? ते गाणं अकरा मिनिटांचं आहे.

नांदेडचा एक नवरदेव कोटाची ट्रायल द्यायला आला होता. एक बाही टाचलेली, दुसरी माझ्या हातात. त्याच्या गाडीची वेळ झाली आणि नेमकं शेवटचं गाणं लागलं. मी सुई ठेवली, हात जोडून बसलो. महादप्पाही तराजू सोडून आले. नवरदेव म्हणाला, जरा बंद करा की मास्तर.

महादप्पा म्हणाले, "आई आलीय. तूच सांग तिला, जा म्हणून."

पोरगा खाली बसला. गाडी गेली. पुढच्या गाडीपर्यंत त्यानं अख्खा अल्बम ऐकला आणि लग्नात तोच लावला. ऐन पंगतीत शेवटचं गाणं आलं. वाढपी जागच्या जागी थांबले, पाहुण्यांनी हात जोडले. भात पार गार झाला म्हणतात.

*

एक माणूस मात्र ऐकत नव्हता. किसन, भगवानचा बाप. माझा लहानपणचा दोस्त. बापलेक दर साली माहूरला गोंधळ घालायला जायचे. किसन गायचा, भगवान संबळ वाजवायचा. अल्बम आला आणि किसननं मुलाशी बोलणं सोडलं. अल्बमवरच्या फोटोत भगवानपुढं दिवटी नाही, अंगात गोंधळ्याचा झगा नाही, शर्टपॅन्टवर संबळ बांधलेला. "देवी काय मोबाइलवर येती व्हय?" असं मलाच ऐकवून गेला. मागच्या साली माहूरला परका संबळवाला घेऊन गेला. माझ्या दुकानावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जायचा. मी अल्बम बंद केला नाही. तोही थांबला नाही.

यंदा माहूरला जायच्या आधी तो दुकानात आला. जुना झगा विरला होता, नव्याचं कापड घेऊन आला होता. मी मोबाइल बंद केला. दोस्ताला डिवचायचं नसतं. छाती घेतली, बाही घेतली. खांद्याला टेप लावली तेव्हा किसन म्हणाला, "लाव."

मी विचारलं, काय?

"ते. गोंधळाचं."

लावलं. अकरा मिनिटं तो उभाच होता. महादप्पा दारात येऊन हात जोडून उभे राहिले. गाणं संपलं.

"डावं अंग ढिलं बोलतंय," किसन म्हणाला. "संबळाला ऊन दाखवत नसंल. कितींदा सांगितलं त्याला."

मी वहीत माप लिहिलं. किसन चप्पल घालून पायरी उतरला आणि परत फिरला.

"आसंच कापड आजून आण. झगे दोन शिव."

मी म्हणालो, दुसऱ्याचं माप?

"तुझ्याकडं हाय. त्याची ती फोटोतली शर्टपॅन्ट तूच शिवली न्हवं?"